हजार तोंडं, एक कान

मंडळी, कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न आठवा. "प्युअर अलोहा आणि स्लॉटेड अलोहा यांचा कमाल थ्रूपुट काढा." उत्तर पाठ असायचं. एकाचा १८.४ टक्के, दुसऱ्याचा ३६.८ टक्के. शेजारी दोन टेकड्या काढायच्या, एक बुटकी आणि एक जरा उंच, अक्षांना नावं द्यायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. टेकडी काढली नाही तर मार्क कापायचे, म्हणून सगळे काढायचे. टेकडीला तोच माथा का, हे विचारणारा प्रश्न मात्र मी कधी पाहिला नाही.

माझं भांडण त्या टेकड्यांशी आहे. आकडे चूक नाहीत बरं का! तेव्हाही बरोबर होते, आजही बरोबर आहेत. पण ते ज्या गृहीतकावर उभे आहेत ते वर्गात कोणी मोठ्याने सांगत नाही. ते गृहीतक असं, की बोलणारे कितीही असोत, ऐकणारा एकच आहे. ही चार शब्दांची अट गाळल्यामुळे पोरं कॉलेजातून एक समज घेऊन बाहेर पडतात: "दोघं एकदम बोलले की दोन्ही पॅकेटं मेली." मग तीच पोरं (म्हणजे आपणच) नोकरीला लागतात, पाण्याचे मीटर, शेतातले सेन्सर, पार्किंगचे दिवे असले प्रकल्प करतात, आणि एका उंच खांबावर एक महागडा गेटवे बसवून हात झटकतात. पॅकेटं हरवली की दोष बोलणाऱ्यांना. "डिव्हाइस फार वेळा ट्रान्समिट करतंय, इंटरव्हल वाढवा." कानाकडे कोणाचं लक्षच नाही.

पंगतीचं उदाहरण घेऊ. शंभर माणसं जेवायला बसली आहेत आणि वाढपी एकच, तोही दारात उभा. कोणी "वरण!" ओरडतंय, त्याच क्षणी दुसरं कोणी "मठ्ठा!" ओरडतंय. वाढप्याला ऐकू येतं "वठ्ठा". दोघांचंही काम झालं नाही. आता कॉलेजच्या पुस्तकाचा उपाय काय? पंगतीला शिस्त लावा. ओरडण्यापूर्वी कानोसा घ्या. घड्याळाच्या ठोक्यालाच ओरडा. टक्कर झाली तर मनात आकडे मोजा, मग परत ओरडा. हे सगळं ठीक आहे हो, पण कुठल्याही लग्नात यजमान काय करतो? चार वाढपी चार कोपऱ्यांत उभे करतो. वरणवाला या कोपऱ्यात बसलाय, त्याचं या वाढप्याला नीट ऐकू येतं. मठ्ठेवाला त्या कोपऱ्यात. दोघं एकदम ओरडले तरी दोघांनाही वाढलं जातं. टक्कर झाली का? हवेत झाली. कानात नाही झाली.

सगळा मुद्दा एवढाच आहे. टक्कर हवेत होत नसते, ती कानात होते. एकाच वेळी निघालेली दोन पॅकेटं एका रिसीव्हरवर एकमेकांना खातात आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या रिसीव्हरवर त्यातलं एक सुखरूप पोचतं. "टक्कर झाली का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. "कोणाच्या कानात?" हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता जरा इतिहास. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७० साली अलोहाचा पेपर मांडला आणि जून १९७१ मध्ये त्यांचं जाळं चालू झालं. (अब्रॅमसन डिसेंबर २०२० मध्ये गेले.) विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर ओआहू बेटावर, टर्मिनलं इकडेतिकडे आणि दुसऱ्या बेटांवर. टर्मिनलांनी ४०७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एकाच चॅनेलवर मनाला येईल तेव्हा पॅकेट सोडायचं, पोचपावती आली नाही तर थोडं थांबून परत सोडायचं. ही पॅकेटं ऐकणारं यंत्र एकच, त्याचं नाव मेनेहुने. कान एक का होता? कारण कॉम्प्युटर एक होता! लाखो डॉलरचं धूड, तिथेच सगळ्यांना पोचायचं होतं. म्हणजे ती काही निसर्गाने घातलेली अट नव्हती. त्या काळच्या खिशाची अट होती.

मग १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी वेळेचे ठरावीक कप्पे पाडा म्हणून सुचवलं आणि १८.४ चे ३६.८ झाले. इथे एक गंमत आहे. रॉबर्ट्स यांच्या टिपणाच्या शीर्षकातच 'स्लॉट' आणि 'कॅप्चर' असे दोन शब्द आहेत. कॅप्चर म्हणजे काय? दोन पॅकेटं एकदम आली, पण एकाचा आवाज पुरेसा मोठा असेल तर रिसीव्हर ते उचलतो, दुसरं गोंगाट म्हणून सोडून देतो. म्हणजे "दोन्ही मेली" हा नियम १९७२ सालीच त्या माणसाने मोडीत काढला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांनी काय केलं? स्लॉट घेतला, कॅप्चर सोडून दिलं. का? माझा अंदाज असा, की स्लॉटचं गणित दोन ओळीत सुटतं आणि पेपरात टाकता येतं :-)

आणि कॅप्चरची खरी मजा कान अनेक असले की येते. जो माझ्याजवळ आहे त्याचा आवाज मला मोठा. जो तुमच्याजवळ आहे त्याचा तुम्हाला. एकाच टकरीतून मी एक पॅकेट उचलतो, तुम्ही दुसरं.

बरं, गणित बघू. घाबरू नका, बारावीचंच आहे. कॅप्चर बिप्चर सगळं बाजूला ठेवू, अगदी ढ रिसीव्हर घेऊ. त्याला एका स्लॉटमध्ये एकच पॅकेट ऐकू आलं तर कळतं, दोन आली तर काहीही कळत नाही. प्रत्येक पॅकेट प्रत्येक कानापर्यंत पोचायची शक्यता निम्मी (मध्ये भिंत आहे, झाड आहे, बस उभी आहे), आणि एका कानाला काय पोचलं याचा दुसऱ्या कानाशी संबंध नाही. प्रत्येक स्लॉटमध्ये सरासरी दोन जण बोलतात. दोन कानांनी तेच पॅकेट पकडलं तर ते एकदाच मोजायचं.

एका कानाला दर स्लॉटमागे मिळतात ०.३७ पॅकेटं. हा तोच आपला ३६.८ टक्के, टेकडीचा माथा. पुस्तक इथे संपतं. आता दुसरा कान लावा: ०.६२. तिसरा: ०.८१. चौथा: ०.९६. पाचवा: १.०७.

परत वाचा. स्लॉट एक, आणि त्यातून सरासरी एकापेक्षा जास्त पॅकेटं पोचली! बोलणाऱ्यांनी काहीही बदललेलं नाही. घड्याळ तेच, बॅटरी तीच, फर्मवेअर तेच. सेन्सरला पत्तासुद्धा नाही की पाच जण ऐकतायत. एका कानाने पाठवलेल्यातली जेमतेम १८ टक्के पॅकेटं पकडली होती, पाच कानांनी निम्म्याहून जास्त. ०.३७ वरून ०.६२ हे दुप्पट नाही, कारण काही पॅकेटं दोघांनीही पकडली. पुढे पुढे प्रत्येक नवा कान आधीच्यापेक्षा कमी भर घालतो. तरी भर घालतोच.

हे माझं घरगुती गणित आहे असं समजू नका. मुनारी, लीव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच प्रतिमान घेऊन पेपर लिहिला आहे. त्यातले मुख्य लेखक जर्मनीच्या अवकाश संस्थेतले, आणि ते साहजिक आहे. उपग्रहवाल्यांना एकाच वेळी आकाशात दोन-तीन उपग्रह दिसतात, म्हणून त्यांना हा प्रश्न पडला. आपल्या गच्चीवरून शेजारच्या चार गच्च्या दिसतात, तरी आपल्याला पडला नाही.

एक अट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कान वेगवेगळ्या जागी हवेत. सगळ्या कानांना सगळंच सारखं ऐकू येत असेल तर असे हजार ढ रिसीव्हर लावूनही फायदा शून्य, कारण जी टक्कर एकाच्या कानात झाली तीच सगळ्यांच्या. एकाच खांबावर तीन गेटवे बांधून "रिडंडन्सी केली" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. वीज गेली किंवा एक पेटी बंद पडली तर त्याचा उपयोग आहे. टकरीवर तो उपाय नव्हे.

"हे सगळं कागदावर ठीक आहे" असं म्हणणारे आता हात वर करतील. ठीक आहे, कागद सोडू. डोक्यावरून जाणारं विमान बघू.

आजकालची प्रवासी विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा स्वतःच ओरडून सांगत असतात. सेकंदाला साधारण दोनदा. दोन ओरडण्यांतलं अंतर मुद्दामच ०.४ ते ०.६ सेकंदांच्या मध्ये कुठेतरी ठेवलेलं, म्हणजे दोन विमानांचा ताल जुळून सारखी टक्कर होत राहणार नाही. एक संदेश ११२ बिटांचा, १२० मायक्रोसेकंदांत संपतो. पोचपावती नाही. कोण ऐकतंय याची चौकशी नाही. हा शुद्ध अलोहा आहे हो, १९७१ सालचा, थेट आकाशात!

आणि तो चालतो कसा? ऐकणारे हजारो आहेत म्हणून. स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी २००६ साली सुरू केलेलं फ्लाइटरडार२४ तुम्ही सगळ्यांनी बघितलेलं असेल, सासू-सासऱ्यांचं विमान कुठवर आलं ते बघायला तरी. २००९ पासून त्यांनी कोणालाही आपल्या रिसीव्हरवरची माहिती पाठवायची मुभा दिली. आज तो नकाशा उभा आहे तो बऱ्याच अंशी लोकांनी आपापल्या गच्चीवर, खिडकीत, बाल्कनीत लावलेल्या छोट्या रिसीव्हरांवर. एकाचं पॅकेट टकरीत गेलं तर दुसऱ्याला मिळतं. वर बोनस म्हणजे चार कानांनी तोच संदेश ऐकला तर पोचायच्या वेळेतल्या फरकावरून विमानाची जागाही काढता येते, जरी विमानाने ती सांगितली नसली तरी. एका कानाने हे कधीच जमलं नसतं, मग तो कितीही मोठा असो.

उलटं उदाहरण समुद्रावर आहे. जहाजं एआयएस नावाच्या पद्धतीने आपली जागा सांगतात. मिनिटाचे २२५० स्लॉट, आणि एकमेकांना ऐकू येणारी जहाजं आपसात समजुतीने स्लॉट वाटून घेतात. शिस्त म्हणाल तर शिस्त. किनाऱ्यावरच्या छोट्या रिसीव्हरांना सगळं छान ऐकू येतं. मग कोणीतरी म्हणालं, एकच मोठा कान उपग्रहावर ठेवू, सगळा समुद्र एकदम ऐकू. ठेवला. झालं काय? उपग्रहाला हजारो किलोमीटरचा पट्टा एकदम दिसतो. मुंबईसमोरच्या जहाजाने आणि हजार किलोमीटरवरच्या जहाजाने तोच स्लॉट घेतलेला असतो, कारण त्यांना एकमेकांचं अस्तित्वच माहीत नाही. खाली समुद्रावर कोणीही कोणाशी धडकत नाही, उपग्रहाच्या कानात मात्र नुसता कलकलाट. भर समुद्रात दुसरा इलाजच नाही, म्हणून उपग्रह हवाच. पण धडा घ्यायचा तो हा, की कान मोठा केला की टकरी वाढतात, आणि कान अनेक केले की कमी होतात.

आपल्याकडचे प्रकल्प मात्र अजून उंच खांबाच्याच प्रेमात.

लोरावॅनचं बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छोटे बॅटरीवरचे सेन्सर, दिवसातून काही वेळा दहा-वीस बाइट पाठवणार, रेंज काही किलोमीटर. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा परवानामुक्त पट्टा यासाठी वापरतात. पाठवायची पद्धत अलोहाच. आणि माझ्या मते या मंडळींनी एक फार शहाणी गोष्ट केली. सेन्सर कुठल्याही एका गेटवेला बांधलेला नाही. तो हवेत ओरडतो, ज्या ज्या गेटवेला ऐकू येईल तो तो पॅकेट सर्व्हरकडे ढकलतो, सर्व्हर जास्तीच्या प्रती काढून टाकतो. चार कोपऱ्यांत वाढपी, आत एक मुख्य आचारी. अगदी जशी हवी तशी रचना!

शिवाय फायदा नुसता टकरीपुरता नाही. गेटवे लांब असला की सेन्सरला सावकाश बोलावं लागतं. दहा बाइटांचा निरोप सगळ्यात वेगाने पाठवला तर सुमारे ६२ मिलिसेकंद हवेत असतो, सगळ्यात सावकाश पाठवला तर जवळजवळ दीड सेकंद. चोवीस पट! चोवीस पट वेळ हवा अडवली, म्हणजे टकरीची शक्यता वाढली, आणि तेवढी बॅटरी जळाली. जवळ एक जास्तीचा कान लावला की तोच सेन्सर वेगाने बोलू शकतो, त्याची बॅटरी टिकते, आणि त्याने मोकळी केलेली हवा बाकीच्यांना मिळते. एका कानाचा फायदा त्या कानाला ऐकू न येणाऱ्यांनाही होतो.

मग अडतं कुठे? अडतं कुंपणाशी.

प्रत्येक लोरावॅन पॅकेटवर पत्ता असतो, त्यावरून ते कोणाच्या नेटवर्कचं ते कळतं. गेटवेला सगळ्यांचंच ऐकू येतं, रेडिओला शेजारधर्म शिकवावा लागत नाही. पण तुमचं पॅकेट माझ्या गेटवेने पकडलं की माझा सर्व्हर पत्ता बघतो, "आपलं नाही" म्हणतो आणि कचऱ्यात टाकतो. ऐकू आलेलं, अंगभर नीट असलेलं, टकरीतून वाचलेलं पॅकेट. कचऱ्यात!

आमच्याच कामातला किस्सा सांगतो. पुण्यातल्या एका गृहसंकुलात पाण्याचे मीटर होते, सगळे बाथरूममागच्या डक्टमध्ये. डक्ट म्हणजे तीन बाजूंनी काँक्रीट, चौथीकडून जे काय निघेल ते. गेटवे गच्चीवर. खालच्या मजल्यांवरचे मीटर कायम सगळ्यात सावकाश बोलायचे आणि तरी रीडिंग गळायची. रस्त्यापलीकडे, डक्टची उघडी बाजू जिकडे होती नेमकी तिकडेच, दुसऱ्या एका कंपनीचा गेटवे. आमचा एक जास्तीचा गेटवे दोन दिवस त्या बाजूच्या गच्चीवर ठेवून बघितला, आणि गळणारी रीडिंग यायला लागली. म्हणजे त्या कंपनीच्या गेटवेला आमचे मीटर रोज ऐकू येत असणारच. आम्ही रीतसर विचारलं, आमची पॅकेटं आम्हाला पाठवाल का, पैसे देतो, तुमचीही आम्ही पाठवतो. उत्तर आलं, "तशी पॉलिसी नाही." शेवटी सोसायटीने दुसरा गेटवे घेतला, समोरच्या गच्चीचं भाडं भरलं. आज त्या रस्त्यावर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन कान आहेत, दोघांनाही दोघांचं ऐकू येतं, आणि दोघंही समोरच्याचं ऐकलेलं टाकून देतात. भाडं कोण भरतंय? मेंटेनन्सच्या बिलातून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी.

याला मी इंजिनिअरिंग म्हणत नाही. ही चाळीतली नळावरची भांडणं आहेत, फक्त नळाच्या जागी स्पेक्ट्रम आहे. आणि स्पेक्ट्रम तर कोणाच्या बापाचा नाही, परवानामुक्त आहे! हवा सगळ्यांची, कान मात्र ज्याचा त्याचा.

आता ठरलेले आक्षेप.

पहिला, सुरक्षितता. "आमच्या ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या गेटवेतून?" अहो, ती आत्ताही त्याच्या अँटेनात शिरतेच आहे. लोरावॅनमध्ये मजकूर १२८ बिटांच्या किल्लीने कुलूपबंद असतो आणि किल्ली गेटवेकडे नसतेच. गेटवे पोस्टमन आहे, त्याला पाकीट दिसतं, पत्र दिसत नाही. कोणता मीटर कधी बोलला एवढं त्याला कळतं हे खरं, आणि त्यासाठी करारात नियम घालायला हवेत. पण पाकीट फाडून टाकणं हा काही गोपनीयतेचा उपाय झाला नाही.

दुसरा, "तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे." नाही. एका नेटवर्कने दुसऱ्याची पॅकेटं त्याच्याकडे कशी पोचवायची हे लोरावॅनच्या प्रमाणात २०१७ पासून लिहिलेलं आहे. आणि अॅमस्टरडॅममध्ये २०१५ साली सुरू झालेल्या द थिंग्ज नेटवर्कची तर मूळ कल्पनाच ही, की गेटवे कोणीही लावा, पॅकेटं सगळ्यांची.

तिसरा, आणि हा खरा आक्षेप आहे: "मी पैसे घालून गेटवे लावला, फुकट का वाहू?" फुकट वाहू नका. मोजा आणि पैसे घ्या. पॅकेट दहा-वीस बाइटांचं आहे, त्याचं वहन किती पडणार? रोमिंगचे हिशोब मोबाइल कंपन्या कित्येक वर्षं करतायत, आपल्याला का जमू नये?

चौथा आक्षेप जरा तांत्रिक आहे. गेटवे स्वतः बोलतो तेव्हा बहिरा असतो, त्याला त्या वेळात काही ऐकू येत नाही. प्रत्येक पॅकेटला पोचपावती द्यायला लागलो तर कान कमी आणि तोंड जास्त होतं. बरोबर. पण हा आक्षेप उलट माझ्याच बाजूचा आहे. एक बोलत असताना दुसऱ्याने ऐकावं, म्हणून तर दुसरा हवा.

पाचवा, "हुशार रिसीव्हर करू, कान कशाला वाढवायचे?" तेही करा. एकाच पॅकेटच्या दोन प्रती पाठवायच्या, एक सुटली की दुसरीची वजाबाकी करून टक्कर सोडवायची, हे युरोपच्या अवकाश संस्थेतल्या लोकांनी २००७ मध्ये दाखवलं आणि एकट्या कानाची मर्यादा निम्म्याच्या वर नेली. फार सुंदर काम आहे. पण त्यात बोलणाऱ्याला दोनदा बोलावं लागतं, म्हणजे बॅटरी त्याची जळते. कान वाढवले तर खर्च आपला, त्याचा नाही. विजेला जोडलेल्या गेटवेने कष्ट घ्यावेत की डक्टमधल्या बॅटरीने?

आणि अनेक कानांची ही कल्पना काही परग्रहावरची नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन वाटले होते, आठवतं? त्यातल्या सीडीएमए तंत्रात फोन दोन भागांच्या सीमेवर असताना दोन-दोन टॉवर एकाच वेळी त्याचं बोलणं ऐकायचे आणि जे बरं ऐकू आलं ते घेतलं जायचं. ते टॉवर अर्थात एकाच कंपनीचे होते. तंत्र तेव्हाही अडलं नव्हतं, कुंपण तेव्हाही होतंच.

कुंपणाचा दुसरा तोटाही बघून ठेवा. सिगफॉक्स नावाची फ्रेंच कंपनी होती. तंत्र झकास: सेन्सर प्रत्येक निरोप तीनदा, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवणार, आणि ज्या बेस स्टेशनला ऐकू येईल ते उचलणार. अनेक कानांचा विचार त्यांनी मुळापासून केला होता. पण त्या सगळ्या कानांना जोडणारा मेंदू एकाच कंपनीचा. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या वाटेवर गेली, एप्रिलमध्ये सिंगापूरच्या युनाबिझने घेतली म्हणून वाचली. मधले महिने ज्यांचे हजारो सेन्सर भिंतीत सिमेंटने बसवलेले होते त्यांनी काय केलं असेल? वाट बघितली असेल. दुसरं हातात काहीच नव्हतं. कान अनेक असून पुरत नाही, मालकही अनेक हवेत.

हे मी आत्ता का म्हणतोय? कारण संख्या बदलतायत. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत नुसत्या विजेच्या स्मार्ट मीटरचं लक्ष्य २५ कोटी आहे. त्यातले किती कुठल्या तंत्राने बोलतात हा वेगळा विषय, पण पाण्याचे, गॅसचे, द्राक्षबागेतल्या ओलाव्याचे, कचऱ्याच्या डब्यांचे असे छोटे बोलणारे त्याच्या मागोमाग येतच आहेत. आणि ते भिंतीत, जमिनीत, डक्टमध्ये गाडले जातायत, दहा-दहा वर्षांसाठी. तोंडं एकदा गाडली की बदलता येत नाहीत. कान मात्र कधीही वाढवता येतात, जर आज करारात तशी जागा ठेवली तर. आज नाही ठेवली तर दहा वर्षं प्रत्येक गल्लीत चार कंपन्यांचे चार बहिरे कान, आणि त्याची बिलं आपल्याच नावावर.

म्हणून मागण्या तीन, आणि तीनही अशक्य नाहीत.

एक, शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना. टेकड्या काढायला लावा, हरकत नाही. पण पुढे एक उपप्रश्न घाला: "रिसीव्हर दोन असतील तर?" पोरं पंधरा मिनिटांत सोडवतील, आणि आयुष्यभर खांबाकडे वेगळ्या नजरेने बघतील.

दोन, माझ्यासारख्या प्रस्ताव लिहिणाऱ्यांना. एक उंच महागडा गेटवे लिहिण्यापूर्वी त्याच पैशात वेगवेगळ्या जागी तीन साधे बसतात का ते बघा. कव्हरेजचा रंगीत नकाशा क्लायंटला दाखवता ना? त्यात "इथे किमान दोन कानांना ऐकू येतं" असा एक रंग वाढवा.

तीन, महापालिका आणि सोसायट्यांना, कारण पैसा तुमचा आहे. गच्ची, खांब, पाण्याची टाकी गेटवेसाठी देताना करारात एक ओळ घाला: "या गेटवेवर ऐकू आलेली दुसऱ्या नेटवर्कची पॅकेटं ज्याची त्याला वाजवी दरात पोचवणं बंधनकारक राहील." एकच ओळ. जागा तुमची आहे, अट घालायचा हक्कही तुमचाच.

बोलणाऱ्यांना आपण गेली पन्नास वर्षं शिस्त लावतोय. जरा ऐकणाऱ्यांनाही लावू.

असो. गेटवेवाल्या कंपन्यांत काम करणारी मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी खुशाल भांडायला यावं. फक्त "पॉलिसी नाही" हे उत्तर चालणार नाही, ते आम्ही आधीच ऐकलंय.